ऑर्कुट कुठल्या तालुक्यात?

"अगं, ऐकलंस का? काल नातीनं विचारलं, आजी, आई-बाबांचं लग्न कुठं जमलं? म्हटलं, ऑर्कुटवर. तर म्हणते, ते कुठल्या तालुक्यात आलं?"

काकूंच्या हातात मेथीची जुडी होती आणि कोपर आमच्या सामाईक भिंतीवर. सांगलीतल्या आमच्या गल्लीत ही भिंत जेमतेम कमरेएवढी आहे. बांधणाऱ्यानं सिमेंट वाचवलं असणार, पण दोन्हीकडच्या बायकांची सोय झाली. काकू मेथी घेऊन आल्या की समजावं, तासाभराची निश्चिंती.

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, मोडकळीला आलेलं गाव होतं, उठलं. तुझ्या आईबापाची ओळख तेवढी तिथली."

"खरंच आहे की. इंटरनेटवरचं गाव ते, २०१४ च्या ३० सप्टेंबरला कुलूप लागलं त्याला."

"कुलूप लागायच्या आधी आमच्या विजेचं बिल किती वाढवलं होतं त्यानं, ते विचार! रात्री दोन वाजता दिवा. मला कौतुक. आख्ख्या गल्लीत सांगत होते, पोरगं दोनला उठून अभ्यासाला बसतं. त्या कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई आपल्या मुलाला गॅलरीत आणून आमच्या खिडकीतला उजेड दाखवायच्या. बघ म्हणे, शिक काहीतरी."

मला हसू आवरेना. कारण तो दोनचा मुहूर्त आमच्या पिढीला पाठ होता. बीएसएनएलच्या डेटावन इंटरनेटचा पाचशे रुपयांचा प्लॅन असायचा. दिवसा मोजूनमापून वापरायचं आणि रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, पैसे नाहीत. सांगलीच काय, अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं गजर लावून उठत होती. आयांना वाटायचं, स्पर्धा परीक्षा.

"आणि निकाल लागल्यावर?"

"निकाल लागल्यावर त्याच बाई विचारायला आल्या, दोनला उठूनसुद्धा एवढेच का हो? तशी खवचटच आहे ती पहिल्यापासून."

आमच्या घरात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मी कॉलेजजवळच्या कॅफेत जायचे. प्लायवूडच्या खोक्यात बसायचं, वहीत नाव-पत्ता लिहायचा आणि घरून निघताना लोडशेडिंगची वेळ बघायची. मधेच वीज गेली की अर्धवट लिहिलेलं सगळं गेलं आणि पैसे मात्र पुऱ्या तासाचे. शेजारच्या खोक्यातून कुणीतरी ओरडायचं, "भाऊ, इन्व्हर्टर!" आणि भाऊ म्हणायचा, "तो फक्त पंख्याला आहे."

"पण एक सांग," काकूंनी मेथीचं देठ माझ्याकडे रोखलं, "हे ऑर्कुट म्हणजे काय नाव झालं? मला आधी वाटलं खोकल्याचं औषध."

"माणसाचं नाव आहे काकू. ऑर्कुट ब्युकोक्टेन. तुर्कस्तानचा इंजिनीअर, गुगलमध्ये होता. तिथं कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेतला पाचवा हिस्सा स्वतःच्या मनातल्या गोष्टीवर घालवायची मुभा असायची. त्या वेळात त्यानं हे उभं केलं. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं, तेही त्याच्याच नावानं."

"बघ बाई. आमचे हे पस्तीस वर्षं बँकेत होते. त्यांचं नाव साध्या कपाटावर नाही आलं."

सुरुवातीला तिथं बोलावल्याशिवाय जाता येत नसे. आत असलेल्यानं आमंत्रण पाठवायचं, मगच दार उघडायचं. ऑक्टोबर २००६ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. त्याआधी पुण्याच्या मामेभावाकडून एक आमंत्रण मिळवायला मी त्याची जी मनधरणी केली, तेवढी पुढं नोकरीसाठीही कुणाची केली नाही. खुलं झाल्यावर मग काय, जत्राच लोटली. आपण आणि ब्राझीलची माणसं, या दोघांनीच ते भरून टाकलं.

काकूंचं खातं त्यांच्या मुलानं उघडून दिलं. तो नोकरीला बंगळूरला गेला आणि जाताना आईला म्हणाला, फोनचे पैसे वाचतील. तिथं स्वतःची माहिती भरायचा जो फॉर्म होता, तो काकूंनी एखादा सरकारी अर्ज भरावा तसा एक रकाना न सोडता भरला होता. ज्या पाच गोष्टींशिवाय जगू शकत नाही त्या कोणत्या? काकूंचं उत्तर: चहा, वर्तमानपत्र, चष्मा, गुडघ्याचं मलम, आणि लाइट. मागच्या नात्यांतून काय शिकलात? 'नातेवाइकांना उसने पैसे देऊ नयेत.' तुमच्या बेडरूममध्ये काय सापडेल? 'गहू.'

"गव्हाची कोठी तिथंच होती की गं तेव्हा! खोटं कशाला लिहू?"

"काहीच चुकलं नाही तुमचं. तुम्हाला दोन बर्फ मिळाले होते, आठवतं?"

"आठवतं तर. पण कशाबद्दल, ते आजवर कळलं नाही."

ते असं होतं. मित्रमंडळींनी एकमेकांना गुण द्यायचे. विश्वासू असाल तर हसरे चेहरे, झकास असाल तर बर्फाचे तुकडे आणि दिसायला आकर्षक असाल तर बदाम. कुणी काय दिलं, ते कळायचं नाही. काकूंना बर्फ देणाऱ्यांत मी एक होते. दुसरं कोण, याचा उलगडा अजून झालेला नाही.

"आणि ते स्क्रॅप!" काकू आता रंगात आल्या. "काय मजा होती. कुणीही कुणालाही काहीही लिहावं आणि कुणीही वाचावं."

स्क्रॅपबुक म्हणजे वाड्यातला सामाईक नळ होता. बोलणं दोघींचं, पण कान सगळ्यांचे. त्यातही गंमत अशी की उत्तर द्यायचं ते समोरच्याच्या पानावर जाऊन. त्यामुळे एका पानावर संवादाचा अर्धाच भाग सापडायचा. एखाद्याच्या पानावर नुसतंच लिहिलेलं असायचं, 'हो, पण आईला कळलं तर?' आता हे वाचून कुणाला झोप लागेल? मग दुसऱ्या बाजूचा शोध. ती पोरगी कोण, तिचं पान कुठलं, तिनं काय उत्तर दिलं. दोन पानं शेजारी शेजारी उघडून, वेळा जुळवून अख्खा संवाद लावायचा. पोलिसांनी काय तपास केला असेल, असा तपास आम्ही मुली वीस रुपयांत करत होतो.

"पण सापडायचीसुद्धा माणसं," काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त तीन घरांना ऐकू जाईल एवढा. "मास्तरीणबाई सापडली नव्हती का?"

हे प्रकरण गल्लीत गाजलं होतं. ऑर्कुटवर तुमच्या पानावर अलीकडे कोण कोण येऊन गेलं, त्यांची नावं दिसायची. ती सोय बंद करता यायची, पण मग तुम्ही कुणाकडे गेलात हे लपलं तरी तुमच्याकडे कोण आलं हेही तुम्हाला कळायचं नाही. चोरून बघायचं तर आंधळं व्हायचं, असा रोकडा न्याय. काकूंच्या मुलाचं कुठंतरी जुळतंय, अशी कुणकुण लागल्यावर मास्तरीणबाई रोज सकाळी त्या मुलीच्या पानावर हजेरी लावायला लागल्या. मुलीनं शेवटी मुलाला विचारलं, 'या कोण तुमच्या काकू? रोज नऊ वाजता येतात.'

"नऊ वाजता! शाळेत प्रार्थनेला उभी राहायची तेव्हा कधी वेळेवर नाही गेली."

"पण काकू, आता बघा ना. इन्स्टाग्रामवर तुमची प्रोफाइल कोण बघून गेलं, पत्ता लागत नाही. तुम्ही अमक्याच्या सुनेचे सगळे फोटो बघता..."

"मी कशाला बघतेय?"

"उदाहरण हो. तुम्ही बघता, तिला कळत नाही. ती तुमच्याबद्दल काय बघते, तुम्हाला कळत नाही. नाक खुपसायची सवय तीच आहे, पण खुपसलेलं नाक ऑर्कुटवर दिसायचं. दिसतं म्हटल्यावर माणूस जरा बेतानं वागतो."

काकूंनी यावर विषय बदलला, यावरून काय ते समजावं.

"ते टेस्टिमोनियलचं सांग. आमच्या लग्नाची खरी भानगड तिथंच झाली."

आमच्या म्हणजे मुलाच्या. तर ऑर्कुटवर किल्ल्यांवर भटकणाऱ्यांचा एक समूह होता. तसे समूह कशाचे नव्हते? शाळांचे, गावांचे, नट-नट्यांचे, पु.लं.च्या वाचकांचे. सकाळी लवकर उठण्याचा वैताग येणाऱ्यांचा एक समूह ब्राझीलमध्ये होता, त्यात म्हणे लाखो माणसं. तर या भटक्यांच्या समूहात काकूंचा मुलगा राजगडाच्या बाजूनं आणि कोल्हापूरची एक मुलगी तोरण्याच्या बाजूनं, असं आठवडाभर भांडण चाललं. भांडता भांडता स्क्रॅपवर आले, आणि स्क्रॅप सगळे वाचतात म्हणून स्क्रॅपवरून टेस्टिमोनियलवर गेले.

टेस्टिमोनियल म्हणजे मित्रानं मित्राबद्दल लिहिलेले चार शब्द. ते आधी फक्त ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच दिसायचे. त्यानं मान्य केले की मग जगाला. आपल्या पोरांनी यातली फट बरोब्बर हेरली. गुपित सांगायचं तर टेस्टिमोनियलच्या खिडकीत लिहायचं आणि वर ठळक टाकायचं, 'ॲक्सेप्ट करू नकोस!' समोरच्यानं वाचायचं आणि पुसून टाकायचं. संदेश पाठवायची साधी सोय असतानाही हेच चालायचं.

"आणि सूनबाईंनी केलं ॲक्सेप्ट!"

वाढदिवस होता तिचा. मैत्रिणींनी शुभेच्छांची टेस्टिमोनियल्स पाठवली होती, तिनं घाईत सगळ्यांवर होकाराचं बटण दाबलं. त्यात हेही गेलं. 'ॲक्सेप्ट करू नकोस. तोरणा मोठा, मान्य. तू रविवारी येणार असशील तर राजगडाचं नावसुद्धा काढणार नाही.' दुपारपर्यंत भटक्यांच्या समूहानं वाचलं. संध्याकाळी मुलीच्या मामीनं वाचलं. रात्री कोल्हापूरहून फोन आला.

"मला काय ठाऊक! मी म्हटलं, राजगडाबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. ते म्हणाले, मुलाबद्दल बोलू या. पत्रिका-बित्रिका काही नाही बघ. मी फक्त तिचे बर्फ मोजले."

"किती होते?"

"तीन. म्हटलं, हो म्हणून टाका."

सगळंच काही असं गोड नव्हतं. मुली स्वतःचा फोटो लावायला भ्यायच्या. गुलाबाचं फूल, कुणाचं तरी गुटगुटीत बाळ, नाहीतर ऐश्वर्या राय. कारण फोटो उचलून खोटी खाती काढणारे होते, आणि ओळख ना पाळख, 'माझ्याशी फ्रेंडशिप करशील का' म्हणत रोज दार वाजवणारे तर पोत्यानं. द्वेषाचे समूहही निघाले. भारताचा तिरस्कार करणाऱ्या एका समूहावरून २००६ साली प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं गेलं. त्याच वर्षी शिवाजी महाराजांबद्दलच्या गलिच्छ मजकुरावरून पुण्यात सायबर कॅफे फुटले. लिहिणारा कुठं बसला होता देव जाणे, काचा फुटल्या कॅफेवाल्या भाऊच्या.

"मग एवढं चाललं होतं ते बुडालं कसं?" काकूंनी दुसरी जुडी सोडली.

बुडालं हळूहळू. २००७ मध्ये ऑर्कुट मराठीतसुद्धा आलं होतं. हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नडच्या बरोबरीनं. २००८ मध्ये गुगलनं सगळा कारभार ब्राझीलमधल्या आपल्या कचेरीकडं दिला. तोवर फेसबुक आलं. जुलै २०१० च्या कॉमस्कोअरच्या मोजणीत भारतात फेसबुकवर २ कोटी ९ लाख माणसं आणि ऑर्कुटवर १ कोटी ९९ लाख. दहा लाखांनी मागं पडलं, पण आपल्याकडे चार जणी उठल्या की उरलेल्यांनाही घरची कामं आठवतात. प्रत्येकाच्या पानावर शेवटचा स्क्रॅप एकच, 'मी फेसबुकवर आहे, तिकडं ये.'

"आमचा तिकडं गेला तो शेती करायला. जन्मात कधी विळा हातात धरला नाही, आणि रात्री गजर लावून स्ट्रॉबेरी काढायला उठायचा. फार्मव्हिल का काय ते. मी म्हटलं, एवढं आहे तर वाळव्याच्या मामांकडं जा, ऊस तोडायला माणसं मिळत नाहीत."

"आणि तुम्हाला तो पोर्तुगीज व्हायरस आला होता ना?"

"बॉम साबादो!"

२०१० च्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी ऑर्कुटवर एक किडा पसरला. तो तुमच्या नावानं सगळ्या मित्रांच्या पानांवर 'बॉम साबादो' लिहून यायचा. अर्थ एवढाच, शुभ शनिवार. काकूंच्या पानावर तीस-चाळीस जणांनी एकदम तेच लिहिलेलं.

"माझा जीव घाबरा. मला वाटलं साडेसातीचंच काहीतरी. तशीच उठले आणि मारुतीला तेल घालून आले. शनिवारच होता, वाया नाही गेलं."

बंद करणार असल्याचं गुगलनं ३० जून २०१४ ला सांगितलं. आपला मजकूर उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली. पुष्कळांनी घेतला नाही, कारण पासवर्डच आठवेना. त्या ऑर्कुट ब्युकोक्टेननं नंतर हेलो नावाचं नवं काढलं, २०१८ मध्ये ते भारतातही आणलं. २०२२ मध्ये जुन्या पत्त्यावर पत्र लावलं, की मी काहीतरी नवं बांधतोय.

"बांधू दे. बांधलं की सांग. आता सांधे दुखतात, पण बसून जायचं असेल तर येईन." मग काकू एकदम थांबल्या. "तुझ्याजवळ आहे का गं ते उतरवलेलं?"

"माझं आहे. तुमचंही मुलानं उतरवलंय, मला माहितीये. तुमच्या जाऊबाईंचं टेस्टिमोनियल आहे त्यात."

काकूंच्या जाऊबाई मिरजेच्या. वाटणीपासून दोघींचं बोलणं लग्नाकार्यापुरतं. स्वतःला टाइप करता येत नव्हतं म्हणून त्यांनी मुलीकडून लिहून घेतलं होतं. 'वहिनी, १९७९ साली मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. पहिला महिनाभर तुम्ही माझ्या वाटणीच्या भाकऱ्या केल्यात आणि सासूबाईंना माझ्याच म्हणून वाढल्यात. मी हे कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही नाही.'

"तीस वर्षं एका चुलीवर काढली," काकू म्हणाल्या, "तोंडानं कधी बोलली नाही. आणि लिहिलं कुठं, तर ऑर्कुटवर. समोरासमोर म्हणाली असती तर मी काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, अजून तरी कुठं नीट येते तुला भाकरी!"

म्हणून मला ऑर्कुटचे उपकार वाटतात. आपल्याकडे माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायचे मुहूर्त दोनच, निवृत्तीचा समारंभ आणि शोकसभा. पहिल्यात शाल-नारळाची घाई असते आणि दुसऱ्यात ऐकणारा नसतो. बाकी आयुष्यभर आपण एकमेकांची स्तुती करतो ती तिसऱ्याजवळ, तीही 'पण' लावून. ऑर्कुटनं धडधाकट माणसाबद्दल, त्याच्या हयातीत, त्याच्याच पानावर, सही करून लिहायला लावलं. आम्ही विशीतली पोरं होतो. लिहिलेलं निम्मं उसनं इंग्रजी आणि निम्मी अतिशयोक्ती होती. तरी कुणीतरी बसून विचार करायचा की अमकीबद्दल चांगलं काय लिहावं. आता मी स्वतःच स्वतःचे फोटो लावते आणि लोक खाली अंगठा दाखवून जातात. तेव्हा मी कोण, हे दुसरे लिहायचे, आणि मला फक्त हो म्हणायचं असायचं.

"काकू, एक काम करा. आत्ता, इथंच. मास्तरीणबाईंबद्दल एक टेस्टिमोनियल सांगा."

"कुणाबद्दल? त्या बोचकीबद्दल?"

"चार ओळी. 'पण' न लावता."

काकूंनी बराच वेळ मेथीची पानं खुडली. मग कोपऱ्यावरच्या घराकडं पाठ आहे ना, याची खात्री करून घेतली.

"२०१९ चा पूर आला तेव्हा आमच्या बहिणीचं घर गावभागात. पाणी चढलं म्हणून सगळी सहा माणसं आमच्याकडं आली. गॅस संपलेला, दूध नाही. ही बाई न बोलावता रोज सकाळी पिठलं-भात घेऊन यायची. पातेलं ठेवायची आणि जायची. पाणी उतरेपर्यंत. कुणापाशी बोलली नाही, मोजलं नाही. भात जरा मऊ असायचा..."

"काकू."

"बरं, नव्हता मऊ. चांगला होता. झालं?"

"झालं. पाठवू का त्यांना व्हॉट्सॲपवर?"

काकूंनी मेथीच्या देठांचा ढीग ओच्यात भरला आणि निघता निघता मागं वळल्या.

"पाठव. पण वर लिही, ॲक्सेप्ट करू नकोस म्हणावं!"